मनोहररावांचा पंचा

सई, तू फोनवर विचारलंस त्याला आता पंधरा दिवस होतील. तू शिकवतेस त्या शाळेत यंदा दोन मुलं आली आहेत. एकाला अजिबात दिसत नाही, एकीला थोडं दिसतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर काय घालायचं हे ठरवायच्या समितीत तुला बसवलं आहे. अक्षरं मोठी करून दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यावं, की पडद्यावरचं वाचून दाखवणारं? "आजी, तुम्ही कॉलेजात हे केलं होतंत ना?" असं तू म्हणालीस. केलं होतं, आणि चुकीचं केलं होतं. फोनवर मी तेवढंच बोलले आणि तुझ्या भावाच्या, नीलच्या, सर्दीची चौकशी करायला लागले. पण त्या दिवसापासून मनोहरराव खांडवे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. म्हणून लिहायला बसले आहे. नीललाही वाचून दाखव. त्याचं मराठी वाचन आता अडखळतं, मला ठाऊक आहे.

मनोहरराव आमच्या कॉलेजचे टेलिफोन ऑपरेटर. मोठ्या दारातून आत आलं की डाव्या हाताला जिन्याखाली एक बुटकी खोली होती, तिथे त्यांचा बोर्ड. तिला खिडकी नव्हती. बाकी कुणाला ती खोली दिली असती तर त्याने तक्रार केली असती. मनोहररावांना दिवा लागत नव्हता, म्हणून ती त्यांच्या वाट्याला आली. फोन वाजला की ते म्हणत, "नमस्कार, कॉलेज," आणि पलीकडच्या माणसाने नाव सांगायच्या आत बहुतेक वेळा त्यांनी त्याला ओळखलेलं असे. मी एकदा घरून फोन केला आणि नुसता श्वास घेतला, तर म्हणाले, "मॅडम, आज येत नाही वाटतं. सर्दी आहे. सुट्टीचा अर्ज कुणाकडे देऊ?"

उंच, ताठ माणूस. खांडवे घराणं दक्षिणेतून मराठा फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेलं, आणि पुढे प्रत्येक पिढीत एक तरी मुलगा पलटणीत गेलेला. पाठीचा तो ताठपणा तिथलाच. पांढरा, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, कातरलेल्या मिशा, आणि खांद्यावर लाल काठाचा सुती पंचा. त्या पंच्याने ते दर तासाला रिसीव्हर पुसत. "दुसऱ्याच्या तोंडची वाफ माझ्या कानाला नको," म्हणत. रस्ता ओलांडताना कुणी घाईने त्यांचा दंड धरला की ते थांबत आणि अगदी शांतपणे सांगत, "तुम्ही मला धरू नका. मी तुम्हाला धरतो." मग आपली बोटं समोरच्याच्या कोपरावर ठेवत, आणि चालायला लागत.

मोबाइल आले आणि तो बोर्ड हळूहळू गप्प झाला. दिवसात चार फोन, मग दोन, मग एखादा, तोही चुकून लागलेला. मनोहरराव तरीही दहाच्या ठोक्याला येत आणि पाचला जात. ऑफिसातल्या एका दीडशहाण्याने विचारलं, "खांडवेजी, दिन भर करते क्या हो?" ते म्हणाले, "ड्यूटी." त्या रिकाम्या वेळात त्यांनी ऑफिसने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर मागून घेतला. भोपाळला जाऊन दोन आठवड्यांचं शिक्षण घेतलं, आणि फुकट मिळणारा एक स्क्रीन रीडर त्याच्यावर चढवला. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर जे लिहिलेलं आहे ते आवाजात वाचणारा प्रोग्राम, हे तुला सांगायला नको. मला तेव्हा सांगावं लागलं होतं.

त्या सुमारास कॉलेजला अंध विद्यार्थ्यांच्या खोलीसाठी सामान घ्यायची मंजुरी आली. प्राचार्यांनी समिती नेमली: ते स्वतः, कॉम्प्युटरचे सक्सेना, आणि इंग्रजी विभागाची मी. तिघंही डोळस. मी म्हटलं, खांडव्यांना घ्या. सक्सेना म्हणाले, "मॅडम, वो तो ऑपरेटर हैं." मी म्हटलं, म्हणूनच घ्या. एवढी एक गोष्ट मी बरोबर केली.

सात विद्यार्थी होते. त्यांतल्या पाचांच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'अल्पदृष्टी' असं लिहिलेलं होतं. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, पाचांना थोडं तरी दिसतं. फॉर्म बाप भरतो, आणि 'पूर्ण अंध' या रकान्यात खूण करायला कुठल्याच बापाचा हात धजत नाही, मुलीच्या बापाचा तर नाहीच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मनोहरराव एवढंच म्हणाले, "फॉर्मवर सगळ्यांना दिसतं, मॅडम."

पहिल्या दिवशी दोन विक्रेते आले. पहिल्याने अक्षरं मोठी करून दाखवली. काळ्या पडद्यावर पिवळी, मुठीएवढी, दाणेदार अक्षरं. आम्ही तिघंही खूश. दुसरा स्क्रीन रीडर घेऊन आला होता. त्याने माउस हातात धरला, तेवढ्यात मनोहरराव उठले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी तो मॉनिटरवर टाकला, चाचपून दोन्ही बाजूंनी नीट ओढला, माउस काढून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "हाँ जी, अब दिखाइए."

तो मुलगा गांगरला. "सर, स्क्रीन ही नहीं दिखेगी तो..."

"स्क्रीन हमारे पास भी नहीं है, भाई. झाकून दाखवा."

हे शेवटचे दोन शब्द मराठीत होते, ते त्याला कळले नाहीत, पण मुद्दा कळला. बिचाऱ्याला स्वतःचीच फाइल उघडता येईना. शेवटी मनोहररावांनी त्याला बाजूला सारलं आणि दोन-तीन बटणांत उघडून दाखवली.

त्या रीडरमध्ये दोन आवाज होते. एक बाईचा, गोड, रेडिओवरच्या बातम्यांसारखा स्वच्छ. दुसरा पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. मी लगेच म्हटलं, हा गोड आवाज घ्यावा, मुलांचे उच्चारही सुधारतील. मनोहररावांनी वेग वाढवत नेला. थोड्याच वेळात गोड आवाजाचे शब्द एकमेकांत चिकटले, लाळ गळल्यासारखे. मग त्यांनी त्याच वेगावर दुसरा आवाज लावला. आम्हाला ते शिवणयंत्र चालल्यासारखं वाटलं. पण मनोहरराव एकेक वाक्य आम्हाला जसंच्या तसं सांगत गेले, वाटेत चुकलेल्या स्वल्पविरामासकट.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही आवाज पसंत करताय. मला पान संपवायचंय."

दिवस संपला तेव्हा आमचा कल स्क्रीन रीडरकडे झुकला होता. ठरवायचं दुसऱ्या दिवशी, एखाद्या विद्यार्थ्याकडून करवून पाहिल्यावर. आता जे सांगते ते माझं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात स्वाती मोरे नावाची मुलगी होती. वडिलांचं नई सडकेवर शिवणकामाचं दुकान, शाळांचे गणवेश शिवायचे. मुलगी हुशार, डोळे अधू. दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांचं सॉफ्टवेअर तिच्याकडून वाचून घ्यायचं ठरलं. मला आयुष्यभर नीटनेटकेपणाची खोड. वर्गात पाहुणे येणार असले की मी मुलींकडून आदल्या दिवशी तयारी करून घेत असे. त्याच सवयीने मी स्वातीला संध्याकाळी बोलावलं आणि तिच्या इंग्रजीच्या पुस्तकातलं मधमाश्यांवरचं एक पान दिलं. "उद्या हे वाचायचं आहे, एकदा नजरेखालून घाल," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. दुकान बंद करून वडीलही आले, गळ्यात टेप तसाच. मागच्या खुर्चीत बसून मोरे मला हळूच म्हणाले, "मॅडम, मुलगी आंधळी नाही हो. चश्म्याचा नंबर थोडा जादा आहे, बस. नजर जाईल असं कुणी म्हटलं तर मी तिला घरीच बसवीन. जे आहे ते तरी राहील."

स्वातीने माउस धरला. पडद्यावर एका वेळी दोन-तीन शब्द मावत होते. तिने वाचायला सुरुवात केली आणि अख्खं पान न अडखळता, सुंदर वाचलं. प्राचार्यांनी टाळी वाजवली. मोरे म्हणाले, "बघा, मी सांगत होतो ना." सक्सेना म्हणाले, आता प्रश्नच उरला नाही, सातांतली पाच मुलं हे वापरतील. प्राचार्यांनी वळून विचारलं, "खांडवेजी, आपको कुछ कहना है?"

मनोहरराव पंचा घडी घालून मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "नहीं साहब. लड़की ने बहुत साफ़ सुनाया."

'सुनाया' म्हणाले, 'पढ़ा' नाही म्हणाले. मला ते तेव्हा ऐकू आलं नाही. आम्ही सह्या केल्या आणि मोठ्या अक्षरांचं सॉफ्टवेअर खोलीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर बसलं.

तीनेक महिन्यांनी मधल्या सुट्टीत मी काही कामासाठी त्या जिन्याखालच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं, आतून शिवणयंत्र चालल्यासारखा आवाज येत होता. दार उघडून दिवा लावला. मॉनिटरवर लाल काठाचा पंचा, त्याच्यासमोर स्वाती, स्पीकरकडे कान केलेला, डोळे मिटलेले. शेजारी मनोहरराव डबा खात होते. माझी चाहूल लागताच स्वाती एवढ्या जोरात उठली की खुर्ची पडली. ती माझ्या बाजूने निघून गेली.

"बसा, मॅडम," मनोहरराव म्हणाले. "खुर्ची उचला फक्त."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी स्वातीचा आवाज ऐकला नव्हता, माउस ऐकला होता. अक्षरं एवढी मोठी असली की ओळ संपल्यावर माउस पार डावीकडे परत आणावा लागतो आणि वाचणारा दर ओळीला तिथे थांबतो. "डोळस असो, अर्धा डोळस असो, त्याला थांबावंच लागतं. तिचा माउस इकडे तिकडे फिरत होता, मागे येत नव्हता. तोंड पुढे आणि माउस फिरायला गेलेला. दुसऱ्या ओळीलाच कळलं मला. पान पाठ होतं, कुणाकडून तरी ऐकून."

मी तिला पान आदल्या दिवशी दिलं होतं हे मला त्यांना सांगावं लागलं. ते घास घेता घेता थांबले. "असं होय," म्हणाले. "मी विचार करत होतो, हिला पान मिळालं कुठून."

मला त्यांचा राग आला. स्वतःचा यायला हवा होता, तो त्यांच्यावर निघाला. "मग तुम्ही बोलला का नाहीत? समितीत होतात तुम्ही! एक वाक्य बोलला असतात, दुसरं पान वाचायला द्या म्हणाला असतात तरी..."

"दुसरं पान," ते म्हणाले. डब्याचं झाकण लावलं. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतःबद्दल बोलले.

सोळाव्या वर्षापासून त्यांना अंधारात दिसेनासं झालं होतं. मग दिवसाही नजर दोन्ही बाजूंनी आवळत गेली, नळीतून बघावं तशी. वडील हवालदार होऊन निवृत्त झालेले. घरात दुसरा मुलगा नाही. भरतीचे दिवस आले तेव्हा वडिलांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून डोळे तपासायचा तक्ता उतरवून आणला. महिनाभर रोज सकाळी भिंतीशी उभं करून पाठ करून घेतला, वरपासून खाली, खालपासून वर. शहरालगतच्या मुरारच्या छावणीत मनोहर रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली. त्याने तक्ता घडाघडा म्हटला. डॉक्टरने उठून तक्ता काढला, तिथे दुसरा टांगला आणि म्हणाला, "शाबाश. अब ये पढ़ो."

"मागची रांग हसली, मॅडम. वडील फाटकाशी उभे होते, त्यांना हसणं ऐकू आलं. मुरारहून लष्कर भागातल्या आमच्या घरापर्यंत मी सायकलच्या मागच्या सीटवर बसून आलो. रस्ताभर ते एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर नोकरीबद्दलही नाही, डोळ्यांबद्दलही नाही, मरेपर्यंत नाही."

मग डबा पिशवीत घालत म्हणाले, "त्या दिवशी तिचे वडील मागे बसले होते. मी दुसरं पान मागितलं असतं तर मशीन बरोबर आली असती. पोरगी घरी गेली असती, कायमची."

म्हणून ते गप्प बसले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वातीला निरोप पाठवला: मधल्या सुट्टीत ये, डबा घेऊन ये. ती आली तेव्हा त्यांनी पाठांतराचा विषयच काढला नाही. नुसता मॉनिटरवर पंचा टाकला आणि म्हणाले, "इथे कुणालाच दिसत नाही. आता शिकू."

तुला वाटेल, किती थोर माणूस. मलाही तसंच वाटून निघायचं होतं. पण त्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्यांनी दिली, आणि तेही मी इथे लिहिलं पाहिजे. सातांमध्ये बृजेश नावाचा मुलगा होता, जन्मापासून अंध. मोठी अक्षरं त्याच्या काय कामाची? नवी खोली, नवे कॉम्प्युटर, आणि त्याला तिथे करण्यासारखं काही नाही. मनोहररावांनी त्यालाही आपल्या खोलीत बोलावलं, पण मशीन एक आणि मधली सुट्टी एक. कुठून तरी त्याला सगळी हकीकत कळली. तो जिन्याखाली आला आणि दारातूनच म्हणाला, "सर, उसकी लाज आपने मेरे साल से ढाँकी." वर्ष संपल्यावर तो नाव काढून दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेला. मी मनोहररावांची समजूत घालायला गेले. त्यांनी मला बोलू दिलं नाही. "त्याचं बरोबर आहे," म्हणाले, आणि रिसीव्हर पुसत राहिले.

बृजेश गेल्यानंतर प्राचार्यांकडे मी जाऊन माझ्या पानाची गोष्ट सांगितली, स्वातीची नाही. 'चाचणी नीट झाली नव्हती, दोष माझा,' असं लिहून दिलं. मग तो फुकटचा स्क्रीन रीडर खोलीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर चढवायला परवानगी मिळाली. मनोहररावांनी एका दुपारी, एकेक मॉनिटर झाकत, सगळे पूर्ण केले.

पण नुसता रीडर असून भागत नाही, हे लगेच कळलं. आमच्याकडचे हिंदीचे सगळे नोट्स जुन्या टाइपरायटरच्या धर्तीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. दिसायला ती हिंदी असते. कॉम्प्युटरच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, आणि रीडर ती खिचडी वाचतो. पुन्हा नीट टाइप करून द्या म्हणून मनोहररावांनी प्राध्यापकांना दोनदा चिठ्ठी पाठवली. कुणी दखल घेतली नाही. मग एके दिवशी त्यांनी बोर्डासमोर खुर्ची ओढली आणि एकेकाला घरी फोन लावला. "नमस्कार, कॉलेज. सर, आपके भक्तिकाल के नोट्स हैं, ज़रा सुन लीजिए." आणि रिसीव्हर कॉम्प्युटरच्या स्पीकरला लावून धरला. हिंदीच्या त्या वयोवृद्ध प्राध्यापकांनी आपल्याच घरी, आपल्याच आरामखुर्चीत, आपला भक्तिकाल ऐकला: छोटा एफ, टक्के, अर्धविराम, कंस, मोठा डी. पाच मिनिटं. महिन्याभरात हिंदी विभागाचे नोट्स दुरुस्त होऊन आले.

मलाही फोन आला. "मॅडम, तुमचे इंग्रजीचे नोट्स ऐका." मी कान लावला. काहीच ऐकू येईना.

"ऐकू आलं?"

"नाही हो, काहीच नाही."

"आम्हालाही," ते म्हणाले. मी माझ्या वळणदार अक्षरातल्या वहीचे फोटो काढून दिले होते. फोटो त्या प्रोग्रामला वाचता येत नाहीत. त्या सुट्टीत मी दोन बोटांनी टाइप करायला शिकले. तुम्हा दोघांना माझ्या ईमेल येतात त्या तेव्हापासून.

शेवटच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म स्वातीने स्वतः भरला. पेपर कॉम्प्युटरवर, रीडर लावून लिहायची परवानगी मागितली, आणि त्यासाठी जिथे खूण करावी लागते तिथे केली. फॉर्मची प्रत घरी गेली. दुसऱ्या दिवशी मोरे सरळ जिन्याखाली आले. आवाज वरच्या मजल्यावर ऐकू गेला, म्हणून मी धावले.

"तुम्ही माझ्या मुलीला आंधळी केलीत! ती घरातून गेली तेव्हा तिला दिसत होतं!"

मनोहरराव उभे राहिले. "मोरे, बसा."

"मला नाही बसायचं!"

"मग उभे राहा. पण ऐका." त्यांनी पंचा काढून मॉनिटरवर टाकला. "स्वाती, वाच."

"काय वाचू, काका?"

"जे वाचलं नाहीस ते. मॅडम, तुम्हीच काही तरी उघडून द्या. तिनं पाहिलेलं नको."

दुसरं पान. त्यांनी ते मागितलं, पण आता ती तयार होती. मी त्या दिवशी आलेलं एक सरकारी परिपत्रक उघडून दिलं. पत्रा घासल्यासारखा आवाज सुरू झाला. मोरे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, मलाही नाही. आवाज थांबला. स्वाती वडिलांच्या दिशेने वळली आणि तिने सगळं परिपत्रक मराठीत सांगितलं, कुणी काढलं, कशासाठी, कोणती कागदपत्रं लागतील. शेवटी म्हणाली, "बाबा, मुझे तीन साल से नहीं दिखता. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. पण मी पहिल्या पाचात आहे."

मोरे मॉनिटरजवळ गेले. त्यांनी पंच्याचं टोक हातात घेतलं, अंगठ्याने काठ चाचपला, शिंप्यांची सवय.

"उसवलाय," म्हणाले. "नेतो. शिवून आणतो."

आणि पंचा घडी घालून काखेत मारून गेले. तिसऱ्या दिवशी स्वातीच्या हाती परत आला, धुऊन, इस्त्री करून, काठाला पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण. तिची परीक्षा व्यवस्थित झाली. आता ती इंदरगंजात एका बँकेत नोकरी करते.

सई, तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: मुलांना पान आधी देऊ नकोस, आणि त्यांनी चुकीचं वाचलं तर ते ऐकायला खोलीत कमीत कमी माणसं ठेव. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते त्यानंतर तुझं तुलाच कळेल.

मनोहरराव माझ्यानंतर निवृत्त झाले, पण शनिवारी कॉलेजात जाऊन नव्या मुलांना शिकवत. ते या पौषात गेले. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. थोडी पुस्तकं द्यायला मी अंध विद्यार्थ्यांच्या त्या खोलीत गेले होते. थंडी होती, टेबलावर कुणी तरी आणलेली तीळगुळाची गजक कागदात उघडी पडलेली. चार नवी मुलं, मधे मनोहरराव, अंगात जुना फौजी स्वेटर. स्वातीलाही बँकेची सुट्टी होती, ती शेजारी. मॉनिटरवर तोच पंचा, पांढऱ्या दोऱ्याची शिवण माझ्याकडे.

वेग नेहमीचाच, शिवणयंत्राचा. मनोहरराव एकेक वाक्य मुलांना सांगत होते: मधमाशी फुलावरून परत येते, पोळ्यावर नाचते, त्यावरून बाकीच्यांना वाट कळते. माझंच ते पान. पहिल्या दिवसांत स्वातीने ते सरावासाठी टाइप केलं होतं आणि तेव्हापासून मनोहरराव नव्या मुलांना त्याच्यावरच शिकवत. मुलं मान डोलावत होती. त्या वेगातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि मलाही नाही. मी फक्त स्वातीचा चेहरा पाहिला. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, आणि मान हळूहळू मनोहररावांकडे वळत होती.

तिने हात लांबवून कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. दोनदा.

मनोहरराव वाक्याच्या मध्येच थांबले.

"कमी केलास?"

"हो, काका."

"किती?"

"दोन."

ते ताठ बसून होते. पंच्याचा खाली आलेला काठ त्यांनी दोन बोटांत धरला आणि शिवण चाचपत राहिले. मग म्हणाले, "अजून दोन कर."

तिने केलं. आवाज सुटा सुटा झाला, आता मलाही शब्द कळायला लागले. मशीन मिठागरांबद्दल वाचत होती. समुद्राचं पाणी अडवून कसं आटवतात, मीठ कसं गोळा करतात. नव्या मुलांसाठी स्वातीने त्या दिवशी पान बदललं होतं. मधमाश्यांचा त्यात उल्लेखही नव्हता.

मनोहररावांनी ते संपूर्ण ऐकलं. मग मुलांच्या दिशेला तोंड केलं आणि त्यांच्या नेहमीच्या, फोनवरच्या, स्वच्छ आवाजात म्हणाले,

"शुरू से लगाओ. सब लोग ध्यान से सुनो. मैं भी पहली बार सुन रहा हूँ."